एक वीत राहिलेलं घंगाळ

कसबा पेठ, पुणे
मार्गशीर्षातला गुरुवार (उपास आहे, तेव्हा पत्रात कुठे चिडचिड दिसली तर ती साबुदाण्याच्या खात्यावर मांड)

तीर्थरूप तात्यास,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे प्रेमलाचा, साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा सध्या वाकत नाही, त्यामुळे आठांतलं एक अंग उधार.) तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? खराडीला अकराव्या मजल्यावर वारा फार लागतो म्हणे, कानटोपी घालत जा. तुझ्या कानांचा आता तसा काही उपयोग राहिलेला नाही हे खरं, पण थंडी बहिरेपणा बघून शिरत नाही. फोन करणार होते, पण तुला फोन करणं म्हणजे भिंतीला हळदीकुंकवाचं बोलावणं. मेसेज केला तर तो आधी तुझी सून ऋतुजा वाचते, मग अनिरुद्ध वाचतो, मग त्यातलं तुझ्या प्रकृतीला झेपेल एवढं तुला दाखवतात. म्हणून हे पत्र. तिचाही मला एक मेसेज आला आहे, तुझ्याबद्दल तक्रारीचा. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी माझं ऐकून घे. (वाचून घे.) आणि पहिल्यांदाच सांगून टाकते, हे पत्र काही मागण्यासाठी नाही. नाहीतर पाकीट बघूनच ऋतुजाच्या कपाळाला आठी पडेल.

आता घरची परिस्थिती. तू खराडीला गेलास तेव्हा आम्हा दोघा भावंडांचं बरं चाललं होतं, आताही बरं चाललं आहे. फक्त कशावर चाललं आहे ते नीट समजून घे. यज्ञेश्वरला कान गेल्याचं अनुदान मिळतं, मला नवरा गेल्याचं मिळतं. (घरातलं आणखी काही गेलं असेल तर त्याचाही अर्ज करून टाका, असं समोरचा झेरॉक्सवाला दत्तप्रसाद म्हणतो. त्याची लाज गेली आहे, त्याला अजून काही मिळालेलं नाही.) यज्ञाच्या बहिरेपणाच्या दाखल्यावर त्याचा बसचा पास. दोन्ही अनुदानांना उत्पन्नाचा दाखला, त्याच दाखल्यावर पिवळं रेशनकार्ड, रेशनकार्डावर दवाखान्याचं कार्ड, आणि एकाची चौकशी लागली की दुसऱ्याचीही लागते, अशी ती सगळी मिळून एक गोधडी आहे. एक टाका निघाला की पार दुसऱ्या टोकापर्यंत उसवते. मध्ये बहिणींसाठीची योजना निघाली तेव्हा मीही हौसेने रांगेत उभी राहिले. खिडकीवरची मुलगी म्हणाली, आजी, तुम्ही आधीच विधवा म्हणून घेताय, आता बहीण म्हणून कसं घेणार? एका बाईने एका वेळी एकच काहीतरी असावं असा नियम दिसतो. मी आपली विधवाच राहिले, निदान त्याचा सराव आहे.

तर यंदा निरोप आला की यज्ञाचा जुना, हाताने लिहिलेला दाखला यापुढे चालणार नाही. कान पुन्हा तपासा आणि नवं कार्ड घ्या. (गेलेले कान परत आले आहेत का, हे सरकारला अधूनमधून बघावंसं वाटतं.) आणि येताना जुना कागद आणा. जुना कागद कुठे, तर खाली आबांच्या भांड्यांच्या कारखान्यातल्या पेटीत. तू गेल्यापासून ते दार मी उघडलं नव्हतं. किल्ली कमरेला असते, पण दार उघडायचं मन होत नाही. मी खाली उतरले ती नेमकी खंडेनवमीच्या सकाळी. कागद मिळाला, उंदरांनी फक्त सही खाल्ली होती. आता आलेच आहे आणि आज हत्यारांची पूजा आहे, तर रिकाम्या हाताने कसं परतायचं, म्हणून वरून कोयरी आणली. आबांची हातोडी तर तू नेलीस, मग ऐरणीलाच हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. बोटाला थोडं कुंकू राहिलं होतं. शेजारी आबांचं ते घंगाळ होतं. तुला आठवत असेल, अर्ध्याहून अधिक मठारलेलं, ठोक्यांच्या खळग्यांनी भरलेलं, आणि वरचा भाग तसाच गुळगुळीत, ते गेले त्या दिवशी होतं तसं. बोट पुसायचं कुठे, म्हणून मी घंगाळाला टिकली लावली.

इथे तू कपाळावर हात मारून घेशील. आबा काय म्हणायचे? अर्ध्या भांड्याला कुंकू लावू नये, ते कारागिराला हाक मारतं. म्हणून तर आपल्या घरी खंडेनवमीच्या आत हातातलं काम पुरं करायची धांदल असायची, आणि जे पुरं व्हायचं नाही ते गोणपाटाखाली झाकून ठेवायचं, कुंकवाच्या वाटेतच येऊ नये म्हणून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, विधवेच्या बोटाचं कुंकू कोण एवढं मनावर घेतो. आबांनी घेतलं.

दसरा झाला आणि एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. पिठलं-भाकरी. यज्ञाचा घास तोंडाशी थांबला आणि तो त्याच्या नेहमीच्या आवाजात (म्हणजे शनिवार पेठेत ऐकू जाईल अशा) म्हणाला, "आबा लागले वाटतं कामाला." मी हातानेच खुणावलं, गुमान जेव. बहिऱ्या माणसाला म्हातारपणी कानात काय काय वाजतं, हे आपल्या घराला नवीन नाही. पण मग त्याच्या ताटाशेजारचा तांब्या पाहिला. तांब्यातलं पाणी थरथरत होतं. एकदा थरथरायचं, शांत व्हायचं, पुन्हा थरथरायचं, अगदी तालात. आणि मग, तात्या, मलाही ऐकू आलं. खालून, जमिनीतून आल्यासारखं. ठण, ठण, ठण. घाई नाही, थकवा नाही. दर थोड्या वेळाने एक पोकळ जागा, भांडं फिरवून घ्यायला लागते तेवढी. प्रत्येकाच्या हाताचा ठोका वेगळा असतो हे मी तुला सांगायला नको. तो आबांचा होता. भाकरी ताटात ठेवून मी उठले.

खाली गेले. कुलूप जिथल्या तिथे. किल्ली लावली तसा आवाज बंद झाला. आत कोणी नाही, झेंडूचं फूल सुकलेलं, आणि काळ्या पडलेल्या घंगाळावर खळग्यांची एक नवी ओळ. नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखी लखलखीत. हातोडी तिथे नव्हती, असणार कशी? ती तुझ्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे, वर पिवळा दिवा सोडलेला, पाहुण्यांना दाखवायला. मी दार ओढलं, कुलूप लावलं आणि वर येऊन उरलेलं पिठलं खाल्लं. (भीती भीतीच्या जागी, अन्न टाकायचं नाही.) त्यानंतर रोजच. जेवणं झाली की सुरू, चहाच्या वेळी बंद. फक्त अमावास्येला आवाज आला नाही. मी ऐकलं आहे की बाकीची भुतं अमावास्येलाच कामावर येतात. आबांनी त्या दिवशी सुट्टी घेतली, कारण तांबटांच्या आळीत अमावास्येला काम बंद असतं. मेल्यावरही माणसाने रीत सोडली नाही, याचं मला त्या भीतीतही कौतुक वाटलं.

आता खरी भानगड. यज्ञाला घेऊन मी तपासणीला गेले. मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, नाव लिहीत नाही, उगाच कोणाचं मन दुखवायला नको. तिथे कपाटाएवढी एक काचेची खोली असते. त्यात माणसाला बसवतात, कानाला दोन वाट्या लावतात, हातात एक बटण देतात. ऐकू आलं की बटण दाबायचं. तपासणारी रुपाली मॅडम, वयाने लहान, वागायला गोड. तिने बाहेरून यंत्र सुरू करायच्या आधीच यज्ञाने बटण दाबायला सुरुवात केली. टक, टक, टक, मध्ये थोडी जागा, पुन्हा टक, टक, टक. मॅडमला वाटलं बटण बिघडलं. बदललं. पुन्हा तेच. मग तिने खरे आवाज सोडले, लहान, मोठे, शेवटी इतका मोठा की बाहेर बाकावर बसलेली बाई दचकली, तर यज्ञाला त्यातलं काही ऐकू नाही. आवाज असेल तेव्हा मख्ख, आणि नसेल तेव्हा बटण. मॅडम म्हणाली, असा आलेख मी पाहिलेला नाही. मेंदूला तारा लावून करायची दुसरी एक तपासणी असते, पण तिचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. (ते मुक्कामालाच गेलं आहे म्हणे.) तिने कागदावर प्रतिसाद विसंगत असं लिहिलं आणि पुन्हा यायला सांगितलं. खाली खिडकीवरच्या माणसाने तो शब्द वाचला आणि चष्म्यावरून यज्ञाकडे बघून म्हणाला की याचा अर्थ सोंग असा होतो. पुढच्या वेळीही असंच आलं तर ऐकू येतं असं धरतील, दाखला जाईल. दाखला गेला की काय काय जातं ते वर लिहिलंच आहे.

घरी येऊन टेकते तोवर दत्तप्रसादने गल्लीत पाटी लावली होती. "दुपारी एक ते चार ठोकाठोक करणाऱ्यांनी आपल्यावर झालेले संस्कार आठवावेत." पाटीने भागलं नाही, म्हणून त्याने तक्रारही केली, की हे लोक निराधार म्हणून अनुदान घेतात आणि घरात तांब्याचा कारखाना चालवतात. त्यावर चौकशीला एक माणूस आला. सौमित्र त्याचं नाव, पोरगेलासा, हेल्मेट काखेत, बूट दाराबाहेर काढून आला म्हणजे आईने चांगलं वळण लावलेलं. आला तो नेमका जेवणानंतर. मी चहा टाकला. तो विचारत होता, घरात कमावतं कोणी? मी म्हणाले, कमावतं कोणी नाही, गमावलेले दोघं आहेत. तो हसला, आणि तेवढ्यात खाली सुरू झालं. त्याने कान टवकारले आणि विचारलं, खाली कोण काम करतंय? मी म्हणाले, कुठे काय, मला तर काही ऐकू येत नाही. (लग्नाआधी मी कधी खोटं बोलत नव्हते, हे तुला माहीत आहे.) तेवढ्यात कॉटवर आडवा पडलेला यज्ञा, ज्याच्या बहिरेपणाची ही सगळी चौकशी, तो मोठ्यांदा म्हणाला, "आबा आहेत. बसा तुम्ही, चहा घ्या."

माझी अवस्था काय झाली असेल बघ. आवाज आहे म्हणावं तर कारखाना चालू, म्हणजे आम्ही निराधार नाही, माझंही गेलं आणि त्याचंही. आवाज आहे आणि तो यज्ञाला ऐकू येतो म्हणावं तर तो बहिरा नाही, दाखला गेला, पास गेला. ठोकणारे आमचे वडील आहेत म्हणावं तर ते रेशनकार्डावरून केव्हाच कमी केले आहेत, आणि पुन्हा चढवले तर घरात कमावता पुरुष आला, पिवळं कार्ड गेलं. सरकारच्या दृष्टीने सगळ्यांच्या हिताची गोष्ट एकच होती, की कोणी काही ऐकू नये. पण सौमित्र कामाला चोख. म्हणाला, कुलूप काढा. मी काढलं. आवाज थांबला. त्याने मोबाईलच्या उजेडात सगळे कोपरे पाहिले, ऐरण पाहिली, मग वाकून घंगाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. म्हणाला, आजी, हे गरम आहे. मग पुन्हा नीट बघायला म्हणून एका खळग्यावर बोट ठेवलं. आणि त्याच्या बोटाशेजारी, तात्या, आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत, तांबं आत गेलं आणि एक नवा खळगा उमटला. आवाज त्यानंतर आला.

सौमित्रने अहवाल रस्त्यात उभं राहून लिहिला. कारखाना बंद, कोणी आढळले नाही, आवाज नाही. पॅड मीच धरलं. हेल्मेट माझ्याकडे राहिलं, ते न्यायला तो अजून आलेला नाही. (मी त्यात लसूण ठेवते, हवा चांगली खेळते.) बूट मात्र त्याने हातात घेतले आणि कोपऱ्यावर जाऊन घातले. हे सगळं दत्तप्रसादने दुकानातून पाहिलं असावं, कारण संध्याकाळी पाटीवर एक ओळ वाढली होती. "सूचना दिवंगतांसही लागू."

म्हणजे कारखान्याचं निभावलं. राहिला यज्ञाचा कान. पुन्हा तपासणीची तारीख जवळ आली तशी मी त्याला पाटीवर लिहून समजवायला लागले. बटण दाबायचं नाही. आबांचं ऐकू आलं तरी दाबायचं नाही. त्याने वाचलं, पुसलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मी चिडून ओरडले (त्याच्यापुढे ओरडून काय उपयोग, पण मला बरं वाटतं). मग तो म्हणाला, आणि या वेळी हळू म्हणाला, त्याला हळू बोलता येतं हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं, "एकदा ओ दिली नाही, तेवढी पुरे नाही का?"

आपण तिघं यावर कधी बोललो नाही, म्हणून आज लिहिते. आबा ऐरणीवरूनच हाका मारायचे. दोन जड म्हणजे तू. तीन हलके आणि एक जड म्हणजे यज्ञा, पाणी आण. (मला तोंडाने हाक मारायचे, मुलीला ठोकून बोलावू नये म्हणायचे.) ते गेले त्या दुपारी आधी दोन जड ठोके दिले. तू पत्रा आणायला बोहरी आळीत गेला होतास. मग तीन हलके आणि एक जड, कितीतरी वेळ, पुन्हा पुन्हा. सगळ्या आळीने ऐकलं, आणि सगळ्यांना वाटलं, यज्ञा नेहमीसारखा तांब्या घेऊन उतरला असेल. यज्ञा वरच बसला होता, ऐरणीच्या बरोबर वर. त्याचे कान नुकतेच पुरते गेले होते आणि लाजेपायी त्याने आपल्याला सांगितलं नव्हतं. पुढचं तुला माहीत आहे, तूच पहिला आत गेलास. यज्ञाला आता इतक्या वर्षांनी जगातला एकच आवाज ऐकू येतो, आणि मी त्याला सांगत होते की तोही येत नाही म्हण. मला कळत का नव्हतं? सगळं कळत होतं. पण पिवळं कार्डही कळत होतं. त्याच्या गोळ्या, माझा गुडघा, खोलीचं भाडं, सगळं त्या बटणाला बांधलेलं. मी पाटीवर शेवटचं लिहिलं, मग आपण दोघांनी खायचं काय? त्याने ते पुसलं नाही.

तपासणीच्या दिवशी मी काचेबाहेर उभी होते. त्याला आत बसवलं, वाट्या लावल्या, हातात बटण दिलं. सुरुवातीला तो नुसता मान हलवत होता, हळूहळू, आबांच्या तालावर, जसा लहानपणी त्यांच्या शेजारी बसून हलवायचा. बटण दाबलं नाही. रुपाली मॅडमने माझ्याकडे बघून मान डोलावली, ठीक चाललंय म्हणून. मग एकाएकी तो ताठ झाला. अंगठा बटणावर गेला. मला बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं, पण मला कळलं, कारण त्याचा चेहरा बारा वर्षांच्या पोराचा झाला होता, हाक आली आणि उठायचंय असा. मी काचेवर हात ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, बटण समोरच्या टेबलावर ठेवलं, आणि दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसला. तसाच बसून राहिला, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात काढला नाही. मॅडमने लिहिलं, प्रतिसाद नाही. बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला. तो एवढंच म्हणाला, "पाणी मागत होते."

त्या दिवसापासून आमच्याकडे आवाज बंद आहे. घंगाळ तसंच आहे, वरून एक वीत गुळगुळीत राहिलं आहे. नवा दाखला आला, त्यावर लिहिलं आहे की याला अजिबात ऐकू येत नाही. आता ते खरंच आहे. पास झाला, अनुदान सुरू राहिलं, रेशनकार्ड पिवळंच आहे, गोधडीचा एकही टाका निघालेला नाही. यज्ञा रोज जेवण झालं की तांब्या भरून खाली जातो, ऐरणीशी बसतो, आणि चहाच्या वेळी भरलेला तांब्या घेऊन वर येतो. ते पाणी मी तुळशीला घालते. दत्तप्रसादने पाटी काढली. परवा मला म्हणाला, काकू, दुपारी झोप लागत नाही हो हल्ली.

तर असं सगळं सुरळीत आहे, काळजी नसावी. वहिनींच्या श्राद्धाला येता आलं नाही, राग मानू नये. अनिरुद्धला आणि ऋतुजाला आशीर्वाद. तुझ्या सुनेला सांग, पत्र वाचून झालं असेल तर तुझ्याकडे दे.

तुझी,
प्रेमला

ता.क. ऋतुजाच्या मेसेजचं राहिलंच. ती लिहिते की खालच्या फ्लॅटवाले तक्रार करतात, तुमचे सासरे दुपारी काहीतरी आपटतात. दोनदा जोरात, मग थोडं थांबून पुन्हा दोनदा. तिला वाटतं तू हट्टाने करतोस. आणि काचेची पेटी बंद असूनही आतली हातोडी रोज वाकडी झालेली असते, तर आत्या, तुम्हीच बाबांना समजवा. तिने हे कधीपासून ते लिहिलं आहे. यज्ञा हातावर बसला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

ता.क. २. काही मागणार नाही असं लिहिलं होतं, ते खोडते. हातोडी घेऊन ये. रिक्षाने ये, बसमध्ये ती घेऊन चढू देणार नाहीत. घंगाळ तुझ्या हाताने पुरं कर, तो ठोका तुझ्याशिवाय आता कोणाला येत नाही. तुझे ठोके तुला ऐकू येणार नाहीत, यज्ञालाही येणार नाहीत. मी ऐकेन, आणि तो ऐरणीवर हात ठेवून बसेल. पाणी तयार असेल.

ता.क. ३. ऋतुजाने असंही लिहिलं आहे की तुझाही दाखला नवा करायचा आहे आणि तपासणीची तारीख मिळाली आहे. तुझा दाखला गेला तर काय जाईल? रेल्वेची सवलत आणि अनिरुद्धची कसलीशी करातली सूट. जाऊ दे. तुला त्या काचेच्या खोलीत बसवतील आणि हातात बटण देतील. त्या दुपारी तू घरी नव्हतास, आता आहेस. दोन जड ऐकू आले की दाब, तात्या. जितक्या वेळा हाक येईल तितक्या वेळा दाब. तुला परवडतं.